निळ्या पट्टीचे

कलाबाईची बोटं चिखलात गेली ती धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, रोवायला, पण वर आली तेव्हा त्यांत भलतंच काहीतरी अडकून आलं. पाण्यात राहिलेल्या पावासारखं फुगलेलं, पांढरट, बोटांमधून ओघळणारं. तिने झटकलं, सुटेना. मग कंबर सरळ करून तिने ते डोळ्यांजवळ नेलं, नीट पाहिलं, आणि असं भिरकावलं की शेजारी वाकलेल्या रिताच्या पातळावर शिंतोडे उडाले.

"काय व्हय वो ते?" रिता ओरडली.

"काय व्हय म्हणजे! लेकराचं हगलेलं व्हय. ते पाकिटातलं नाई का, चड्डीवाणी बांधते, ते!"

रोवणीचं गाणं अर्ध्या ओळीवर तुटलं. बांधीत, चिखल केलेल्या त्या वाफ्यात, ओळीने वाकलेल्या अकरा बाया एकदम उभ्या झाल्या. कोणी पायाने चाचपलं, कोणी हाताने, आणि जिथे चाचपलं तिथे निघालं. एक, दोन, चार. शेणखताबरोबर शेतात आलेले, ट्रॅक्टरने चिखल करताना फाटलेले, आणि आठवडाभर पाणी पिऊन पोट फुगवून बसलेले डायपर. निघेल त्याच्या कमरेला निळी पट्टी.

धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चहाची किटली घेऊन चंद्रकांता उभी होती. शेत तिच्या नवऱ्याचं, मारोतरावांचं. खत त्यांच्याच घरामागच्या उकिरड्यातलं. दुसऱ्या कोणाला ओळखायला वेळ लागला असेल, तिला नाही. आपल्या हाताने पुरलेली वस्तू कोण विसरतं?

कलाबाई धुऱ्यावर चढली. सिहोऱ्यात रोवणीच्या बायांच्या चार टोळ्या असतील, त्यांत कलाबाईची टोळी म्हणजे पहिल्या नंबरची. तिने हो म्हटलं की मालक सुटला, तिने नाही म्हटलं की बसला डोक्याला हात लावून. तिने पाटाच्या पाण्यात हात धुतले, मग पुन्हा धुतले, आणि नाकाला लावून पाहिले.

"बाई, जळवा लागते, आमी काही म्हणत नाई. काटा रुतते, काही म्हणत नाई. पण हे नाई चालत. याच हातानं दुपारी भाकर खायची आहे आमाले."

"कुठून आलं कोण जाणे," चंद्रकांता म्हणाली.

"कुठून काय, तुमच्या खतातून आलं! गावात पाकिटंच्या पाकिटं तुमच्याच घरी येते. आमच्यावाल्या पोरी तुलारामच्या दुकानातून एखादा सुटा घेते, दवाखान्यात जायचं असन तवा."

"सुनेनं टाकलं असन उकिरड्यात," रिता मागून म्हणाली. "शिकलेली सून. तिले काय समजते, उकिरडा काय अन् कचरापेटी काय!"

बाया हसल्या. आणि इथे चंद्रकांतेला एक वाक्य बोलायचं होतं. लहानसं, चार शब्दांचं. ते तोंडापर्यंत आलंही होतं. पण अकरा बाया समोर, अकरांच्या कमरेवर हात, आणि सत्तावन्न वर्षांचं वय. बोलली ती भलतंच.

"आता काय सांगू बाप्पा. आजकालच्या पोरी!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

कलाबाईने मान हलवली, जणू हेच ऐकायचं होतं. "घाण काढून घ्या, मंग बोलवा. तोवर वासुदेवरावची बांधी घेतो. तो कालपासून मांगं लागला आहे." आणि बाया पदर खोचत शेजारच्या शेतात उतरल्यादेखील. अर्धी बांधी हिरवी, अर्धी उघडी, आणि उघड्या अर्ध्यात पऱ्ह्यांच्या जुड्या तशाच पडलेल्या. चंद्रकांता भरलेली किटली घेऊन घरी निघाली. चहा कोणी घोटभरही घेतला नव्हता.

आता हे डायपरांचं प्रकरण मुळापासून सांगायला हवं, नाहीतर चंद्रकांतेवर अन्याय होईल. तिच्यावर थोडा झाला तरी चालेल म्हणा, पण शालूवर नको.

शालू म्हणजे वीरेंद्रची बायको, भंडाऱ्याची मुलगी, बी.एस्सी. झालेली. ती बारावीत असताना तिची आई गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते सासरीच झालं. चंद्रकांताने ते जीव ओतून केलं, हे तिचा दुश्मनही कबूल करील. तेल लावणं, शेक देणं, मेथीचे लाडू, पहाटे उठून बंबात पाणी तापवणं. "तुले आई नाई असं समजू नको," असं ती एकदाच म्हणाली होती, आणि शालू तोंड फिरवून रडली होती. पोरगी झाली. नाव ठेवलं काहीतरी मोठं, हाक मात्र सगळे बबी म्हणूनच मारायचे.

भांडण म्हणावं असं दोघींत एकच झालं, लंगोटांवरून. आणि तेही उलटं. जगात सासू म्हणते जुन्या लुगड्याचे लंगोट वापर, आणि सून म्हणते मला पाकीट आणा. इथे सून कापडाच्या बाजूने आणि सासू पाकिटाच्या.

शालूने भंडाऱ्याच्या एका बचत गटाकडून कापडी लंगोट मागवले होते. आतून फलालीन, बाहेरून सुती, बाजूला टिचबटणं. धुवायचे, वाळवायचे, पुन्हा वापरायचे. चार आले होते, पसंत पडले तर आणखी वीस सांगणार होती.

"आई, ते पाकिटातले कुजत नाहीत," तिने समजावून सांगितलं. "आपल्या बबीची नात म्हातारी होईल ना, तरी ते तसेच राहतील जमिनीत."

"राहू दे. आपल्याले कुठं त्यायले जेवू घालायचं आहे?"

"पण काहून टाकायचे जमिनीत, कापडाचे असताना?"

"काहून म्हणजे?" चंद्रकांताने आपले दोन्ही हात तिच्यासमोर धरले. "हे पाह्य. तीन लेकरं. पौषातलं नहराचं पाणी. बोटं अशी फाटायची की हळद भरून बांधून ठेवा लागे. अन् सासू दोरीवरचे लंगोट मोजे, कमी भरला तर पुन्हा नहरावर पाठवे, वाहून गेला का पाह्य म्हणून. त्या दिवशीच ठरवलं होतं मी, माह्या सुनेले हे नाई करू देणार. अन् तू म्हणते, मले तेच पायजे?"

प्रेमाने मारलेली चापट परतवता येत नाही. शिवाय हौसही होतीच, खोटं कशाला बोला. वीरेंद्र भंडाऱ्याजवळच्या वरठीच्या कारखान्यात, तिथेच खोली घेऊन राहायचा आणि दर आठवड्याच्या सुटीला घरी यायचा. भंडाऱ्याच्या बाजारातून दोन मोठी पाकिटं घेऊन, मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना लटकवून तो गावात शिरला की ओट्यावरच्या बाया बघायच्या, आणि त्या बघताहेत हे चंद्रकांता बघायची. नातीसाठी लेक काय काय आणतो! चार कापडी लंगोट पेटीत गेले.

राहिला प्रश्न वापरलेल्यांचा. शालू म्हणाली, जाळू या. चंद्रकांताने कानांवर हात ठेवले. लेकराचं अंगावरचं जाळलं की लेकराच्या अंगाची आग होते, बुडाला फोड येतात, हे गावात कोणालाही विचारा.

"आई, त्याचा आणि याचा काय संबंध?"

"संबंध नसन. पण एखाद्या वेळेस असन तर?"

शालू म्हणाली, मग साठवून ठेवू, वीरेंद्र जाताना घेऊन जातील, भंडाऱ्याला कचऱ्याची गाडी तरी येते. "म्हणजे आठवडाभर घरात गू साठवू काय मी?" चंद्रकांता म्हणाली. "तू त्याची फिकर करू नको. मी टाकतो बराबर जागेवर."

आणि रोज सकाळी, शालू बबीला अंघोळ घालत असताना, चंद्रकांता पिशवी घेऊन मागच्या दाराने जायची. उकिरड्यात फावड्याने खड्डा करायची, पिशवीतले त्यात ओतायची, वर दोन घमेली शेण. शेणाने काय कुजत नाही? पाला कुजतो, तणस कुजतं, मेलेली मांजर कुजते. हेही कुजेल. तिचा शेणावर असा विश्वास होता जसा शालूचा पुस्तकावर.

"आई, कुठे टाकता तुम्ही?" शालूने एकदा विचारलं होतं.

"सांगितलं ना, जागेवर."

वैशाखात उकिरडा उपसून खत शेतात गेलं. पसरताना काही काळी, वाळकी चिंधोटं दिसली. चंद्रकांताने हाती लागली तेवढी वेचली. बाकीची ढेकळांत ढेकूळ होऊन पडली होती. मग पाणी आलं.

त्या संध्याकाळी मारोतराव ओसरीत जेवायला बसले. बोलणारा माणूस नव्हे. अर्धी भाकर संपल्यावर म्हणाले,

"पऱ्हे पंचवीस दिवसाचे झाले. आठ दिवस अजून गेले तर जून होतीन. मंग फुटवे धरत नाई ते. पंधरा पोत्याची बांधी सात पोत्यावर येन."

चंद्रकांता ताटात वरण वाढत राहिली.

"परसरामच्या टोळीले विचारलं. त्याले कलाबाईनं आधीच सांगून ठेवलं. सगळ्या गावात झालं ते." मग आवाज खाली आणून, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत, "सुनेले रागावजो नको. बिनमायची पोरगी आहे. फक्त सांगजो, पुढं असं करू नको म्हणा."

वरणाची पळी ताटाच्या काठावर आपटली. आत पोळपाटाचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, आधीच्याच लयीत. शालूने ऐकलं होतं, यात काही शंका नाही. चंद्रकांता वाट बघत राहिली, आता ती बाहेर येईल, आता म्हणेल, बाबा, मी नाही. आली नाही. विचारलंही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. दोन शब्द उलटसुलट झाले असते, राग आला असता, आणि रागाच्या भरात का होईना खरं बोलून मोकळं होता आलं असतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते असं.

जेवणं झाल्यावर शालूने पेटी उघडली, चार कापडी लंगोट काढले आणि त्यातला एक बबीला बांधला. टिचबटण टिच करून लागलं. त्या आवाजाला बबी हसली.

सकाळी चंद्रकांता उठली तेव्हा घमेलं जागेवर नव्हतं. शालूही नव्हती. बबी पाळण्यात, तिच्याजवळ बसलेले मारोतराव म्हणाले, "वावरात गेली. मी म्हटलं मी येतो, तर म्हणते तुमी बबीजवळ बसा."

चंद्रकांताने बबीला कडेवर घेतलं आणि चपला न घालताच निघाली.

शालू उघड्या अर्ध्या बांधीत होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, एका रेषेत पुढे सरकत, दोन्ही हातांनी चिखल उपसून चाळत. ही पोरगी लग्नाआधी कधी बांधीत उतरली नव्हती. घमेल्यात निळ्या पट्ट्यांचा ढीग झाला होता. सासू आलेली तिने पाहिली आणि पुन्हा वाकली.

एका हाताने बबीला सांभाळत चंद्रकांता धुऱ्याधुऱ्याने पुढे गेली, जिथून नहराचं पाणी बांधीत शिरतं तिथपर्यंत. पाण्याच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला होता. तो बाजूला करायला ती वाकली, आणि तिच्या हाताला तेच लागलं, तसंच गिळगिळीत. उचलून पाहिलं. पट्टी हिरवी.

तिने पाण्यात धुऊन पुन्हा पाहिली. हिरवीच. पाचोळ्याखाली आणखी चार होते, सगळे हिरव्या पट्टीचे.

वीरेंद्रने हिरव्या पट्टीचे कधी आणले नव्हते. हे तुलारामच्या दुकानातले, दोरीला अडकवलेले, सुटे मिळणारे. आणि उकिरड्यातून नव्हे, नहरातून आलेले. वरच्या अंगाला नहराच्या काठाशी घर होतं ते एकच, आणि त्या घरात दोन महिन्यांपूर्वी लेक बाळंतपणाला आली होती, नातू झाला होता, त्याचे पेढे चंद्रकांताने स्वतः खाल्ले होते. कलाबाईचं घर! जाळायचं नाही, उकिरडा नाही, मग पाण्यात सोडलं. पाण्याने लेकराला थंडावाच मिळतो, नाही का?

चंद्रकांतेला एकदम हलकं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर आनंद झाला. काल कलाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती, हाताचा वास घेऊन दाखवत होती, आणि आता? तो हिरव्या पट्टीचा तिने मुठीत गच्च धरला. येऊ दे म्हणावं. तिच्या पायाशी टाकतो आणि विचारतो, हे कोणाचं व्हय वो बाई?

आणि बाया आल्याच. वासुदेवरावांच्या बांधीत जायचा रस्ता याच धुऱ्यावरून होता. पुढे कलाबाई, मागे रिता, मागे बाकीच्या. घमेल्याजवळ येऊन टोळी थांबली. चिखलात वाकलेली शालू सगळ्यांना दिसली.

"बराबर आहे," रिता म्हणाली. "आपलं केलं आपणच निस्तरा लागते."

"पोरी," कलाबाई म्हणाली, आवाजात तशी कीवच होती, "इतकी शिकली, पण शाळेत हे नाई शिकवलं का वो तुले, खतात काय टाकायचं अन् काय नाई?"

बाया हसल्या. शालूने मान वर केली. तिची नजर एकदा बायांवरून गेली आणि मग चंद्रकांतेवर येऊन थांबली. त्या नजरेत काय होतं हे चंद्रकांतेला नीट कळलं. शालूला माहीत होतं. काल नाही, कधीपासूनच माहीत होतं, कोण पिशवी घेऊन मागच्या दाराने जातं ते. ती एक वाक्य बोलली असती तरी पुरे होतं. ती ते बोलली नाही. कपाळावरची बट मनगटाने मागे सारली, तिथे चिखल लागला, आणि ती पुन्हा वाकून चिखल चाळू लागली.

तेवढ्यात बबीने चंद्रकांतेच्या कडेवर धार सोडली. कापडी लंगोट, तो भिजला आणि चंद्रकांतेचं लुगडंही भिजलं, गरम, कमरेपासून खाली.

चंद्रकांता चालत घमेल्यापाशी आली. कलाबाईच्या अगदी समोर. मूठ उघडली. हिरवी पट्टी कलाबाईला दिसली, दिसलीच. तिच्या तोंडावरची कीव तिथल्या तिथे वाळली. तिने मागच्या बायांकडे पाहिलं नाही. ती फक्त चंद्रकांतेच्या हाताकडे बघत राहिली.

चंद्रकांता खाली वाकली, तो हिरव्या पट्टीचा तिने घमेल्यात ठेवला, वरचे दोन निळे उचलून त्याच्यावर टाकले, आणि हाताने दाबले.

"कलाबाई, पोरीले काही बोलू नको," ती म्हणाली. आवाज फाटला, पण तिने तो तसाच पुढे रेटला. "हे मी टाकले. पयल्या दिवसापासून मी. ती कपड्याचेच मांगत होती, मी हट्टानं पाकिटं आणवले. ती जाळू म्हणे, मी जाळू दिले नाई. ती भंडाऱ्याले पाठवू म्हणे, मी उकिरड्यात पुरले. अन् काल तुमी तिचं नाव घेतलं, तवा मी गप्प राहिली. नुसती गप्प नाई राहिली, वरून आजकालच्या पोरी म्हटलं. लाज वाटली मले खरं बोलायची. आज तिच्याकडे पाहून जास्त वाटून राहिली."

वासुदेवराव पलीकडच्या धुऱ्यावरून "चला वो, ऊन चढून राहिलं!" म्हणून ओरडत होते. शालू चिखलात सरळ उभी होती, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे.

"सगळे?" कलाबाईने विचारलं. फार हळू.

"सगळे," चंद्रकांता म्हणाली.

कलाबाईने घमेल्याकडे एकदा पाहिलं. मग पदर कमरेला खोचला, चपला धुऱ्यावर काढल्या आणि मारोतरावांच्या बांधीत उतरली. शालूच्या बाजूला जाऊन, दोन्ही हात चिखलात घालून, चाळायला लागली.

"कलाबाई, हे काय वो?" रिता म्हणाली. "वासुदेवराव वाट पाहून राहिला ना!"

"पाहू दे. उतर खाली."

रिता उतरली, चिखल चाळायला लागली.

"अन् हा पाह्य, हा हिरव्या पट्टीचा निघाला इथं, हा तर तुलारामच्या..."

"रिता," कलाबाई वर न बघता म्हणाली, "तोंड बंद ठेव अन् हात चालव."

दुपारपर्यंत बांधी साफ झाली, आणि दिवस मावळायच्या आत रोवून झाली. गाणं मात्र त्या दिवशी कोणी धरलं नाही. मारोतरावांनी स्वतः किटली भरून आणली; बायांनी हात धुतले आणि चहा प्यायला. सगळ्यांत शेवटी कलाबाईने कप घेतला.

संध्याकाळी ओसरीत शेगडीवर वेळूची टोपली पालथी घातली होती आणि तिच्यावर दोन लंगोट पसरले होते. आषाढात कापड दुसरं कशाने वाळणार? तिसरा बबीच्या अंगावर, चौथा चंद्रकांतेच्या हातात, साबण लावलेला. घमेल्यातला ढीग मागच्या परसात एका पोत्याच्या चुंगडीत तोंड बांधून ठेवला होता. उद्या वीरेंद्र येणार होता. येताना मोटरसायकलला पाकिटं लटकवायची नाहीत आणि जाताना चुंगडी बांधून न्यायची, असं त्याला फोनवर सांगून झालं होतं. तो हसला होता. आईने त्याला दोन शब्द सुनावले होते.

"द्या आई, मी धुते," शालू म्हणाली.

"राहू दे. तुह्या हाताची साल निघाली आज."

"वीस आणखी सांगते मग भंडाऱ्याला."

"सांग."

शालू टोपलीवरचा लंगोट उलटा करत राहिली. "आई, सगळे आपले नव्हते."

"मालूम आहे मले."

"किती होते ते मी..."

"मोजले असन तर विसरून जाय." चंद्रकांताने लंगोट पिळला, झटकला. मग तिच्याकडे न बघता म्हणाली, "तुनं काहून नाई सांगितलं त्यायले? बाबाले तरी सांगायचं होतं."

शालूने दुसरा लंगोट उलटा केला. "तुम्ही म्हणाला होता ना," ती म्हणाली, "तुले आई नाई असं समजू नको म्हणून."

चंद्रकांताने हातातला लंगोट पुन्हा बादलीत बुडवला. तो आधीच स्वच्छ झाला होता.

अंगणात पावलं वाजली. कलाबाई होती. काखेत जुनं लुगडं, धुऊन धुऊन रंग गेलेलं, आणि हातात एक काळी पिशवी, गाठीवर गाठ मारलेली. ती पायरीशी थांबली, वर आली नाही.

"शालू, याचे चार-सहा शिवून देजो वो नातवाले," ती म्हणाली. "कापड मऊ आहे. माह्या मायचं होतं."

शालूने लुगडं घेतलं. पिशवी मात्र कलाबाईच्या हातातच राहिली. ती तिने एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"अन् चंद्रकांताबाई, वीरेंद्र परत कवा जाते भंडाऱ्याले?"

"परवा सकाळी."

"हं," कलाबाई म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.

चंद्रकांता उठली. ओले हात पदराला पुसले, पायरी उतरून तिने ती पिशवी कलाबाईच्या हातातून घेतली, परसात जाऊन चुंगडीचं तोंड सोडलं, पिशवी आत टाकली आणि पुन्हा करकचून बांधलं. परत आली तेव्हा कलाबाई जायला वळली होती.

"बस वो, चालली कुठं?" चंद्रकांता म्हणाली. "शालू, चहा ठेव. कलाबाई आली आहे."